खुकरीचा वीरगळ : कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

भोगीचं जेवण आज आबांकडे झालं. बाजरीची भाकरी, वांगं-वालाची भाजी आणि लोणी. जेवण झाल्यावर आबांनी माझ्यासमोर एक कोरी वही ठेवली आणि म्हणाले, "तुझं डीटीपीचं दुकान हाय, तुला अक्षरांचं कळतंय. माझ्या हयातीत एक दगड उभा करायचाय. हिशोब नि नोंद तू ठेव."

आबा नौदलात पंधरा वर्षं होते, इंजिन रूममध्ये. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानशी झालेल्या युद्धात खुकरी हे आपल्या नौदलाचं जहाज गेलं. आबा तेव्हा खुकरीवर नव्हते, दुसऱ्या जहाजावर होते. खुकरीवर त्यांच्या ट्रेनिंगच्या बॅचचे दोघे होते. दर ९ डिसेंबरला दिवस मावळताना आबा एकटेच ओढ्यावर जातात आणि पाण्यात दिवा सोडतात, हे आम्ही पोरं लहानपणापासून बघत आलो. मलप्रभा जवळ असताना ते दोन मैल आडबाजूच्या ओढ्यावर का जातात, हे मात्र आज कळलं. कणकुंबीला उगवणारी मलप्रभा पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. आमच्या गावाच्या पश्चिमेचा ओढा म्हादईला मिळतो, म्हादई गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला. आबा म्हणाले, "खुकरी त्या दर्यात हाय. दिवा त्याच पाण्यात सोडायला पाहिजे की."

आता त्यांच्याने ओढा उतरवत नाही. गुडघे गेलेत. म्हणून दगड. मी होय म्हटलं. वहीचं हे पहिलं पान.

२१ जानेवारी

कामाला लागण्याआधी मला सगळं नीट माहीत असायला हवं, म्हणून आज दुपारभर आबांकडून ऐकलं आणि रात्री तपासून घेतलं. नक्की तेवढंच इथे लिहितोय.

खुकरी ही पाणबुडीविरोधी फ्रिगेट, म्हणजे पाणबुड्या शोधायला बांधलेली लहान लढाऊ नौका. इंग्लंडात वाईट बेटावरच्या काउझ इथे बांधलेली. २० नोव्हेंबर १९५६ ला ती पाण्यात उतरली आणि १६ जुलै १९५८ ला नौदलात दाखल झाली. पहिल्या तारखेशी मी थांबलो. त्याच महिन्याच्या १ तारखेला आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता. इथे माणसं नव्या हद्दीचा अर्थ लावत होती आणि तिकडे एकोणीस दिवसांनी हे जहाज पाण्याला लागलं.

तिच्या जोडीच्या दोन नौका म्हणजे किरपाण आणि कुठार. तिघींची नावं पात्याच्या हत्यारांची. खुकरी गुरख्यांची, किरपाण शिखांची, आणि कुठार म्हणजे आपली कुऱ्हाड. लांबी साधारण ३१० फूट. आबांनी मोजून दाखवलं, शाळेच्या फाटकापासून मारुतीच्या पारापर्यंत.

१९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. त्या दिवशी आपण नौदल दिन पाळतो. पाच दिवसांनंतरची रात्र मात्र फार कमी लोकांना ठाऊक आहे. दीवच्या बाजूला पाकिस्तानी पाणबुडी असल्याचा सुगावा लागला होता. तिला शोधायला खुकरी आणि किरपाण मुंबईहून निघाल्या. पाणबुडी हंगोर, फ्रान्समध्ये बांधलेली, या दोन्ही नौकांपेक्षा कितीतरी नवी.

मी विचारलं, शोधायला गेलेली नौकाच कशी सापडली? आबांनी ताटलीत पाणी घेतलं आणि बोटाने रेघ ओढून सांगितलं. "पाण्यात आवाज सरळ जात न्हाई. वरचं पाणी कोमट, खालचं गार. त्या थरावर आवाज वाकतो. पाणबुडी खाली गप बसून वरच्या जहाजाचा पंखा लांबनं ऐकते. वरच्याला तिचा पत्ता नसतो." खुकरीवरचं सोनार, म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून पाणबुडी शोधायचं यंत्र, जुनं होतं, त्याचा पल्ला कमी. तो वाढवण्यासाठी तयार केलेल्या एका यंत्राची त्याच वेळी चाचणी चालू होती आणि त्यासाठी जहाजाचा वेग कमी ठेवला होता. ते यंत्र बनवणारे लेफ्टनंट वीरेंद्रकुमार जैन जहाजावरच होते. तेही परतले नाहीत.

रात्री नऊच्या आत हंगोरने पहिला टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून जाणारं स्फोटक अस्त्र, किरपाणवर सोडला. तो फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. काही मिनिटांत जहाज पाण्याखाली गेलं. दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं, माणसांना पाण्यात उतरवलं आणि स्वतः जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, एकूण १९४. वाचले ६७, त्यात ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिक. दुसऱ्या दिवशी त्यांना पाण्यातून काढलं.

हे सगळं सांगताना आबांचा आवाज कुठे हलला नाही. फक्त शेवटी म्हणाले, "इंजिन रूमवाल्यांना वर यायला वेळच मिळाला नसणार." ते स्वतः इंजिन रूमचे.

४ फेब्रुवारी

देवळात बैठक झाली. तीसेक माणसं होती. आबांनी बोलायला सुरुवात केली आणि मागून लगेच प्रश्न आला. "त्या जहाजावर आपल्या गावचा कोण होता?"

कोणी नव्हता. आबांनी तसं स्पष्ट सांगितलं. मग कुजबुज वाढली. आपलं गाव फौजेचं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, आणि आपल्या प्रत्येक गल्लीत त्या रेजिमेंटचा एखादा तरी पेन्शनर. गावातले दोन जवान गेले आहेत, त्यांचे फोटो शाळेत आहेत. मग दगड त्यांचा आधी का नको? प्रश्न चुकीचा नव्हता. मला त्यावर उत्तर सुचलं नाही.

उत्तर दिलं ते बायकांच्या बाजूला बसलेल्या एका आजींनी. त्या नव्वदीला टेकल्यात. म्हणाल्या, "आपल्या दोघांस्नी आपण खांद्यावर आणलं. मसणात नेलं, राख सावडली. ज्याचं मढं सापडत न्हाई त्याचं काय करत्यात, ठावं हाय न्हवं? पळसाच्या पानांचा माणूस करत्यात नि त्यो जाळत्यात. ही तर दोनशे पोरं पाण्यात. कुणी कुणी किती पळस तोडला असंल. एक धोंडा उभा केला तर काय बिघडलं?"

त्यानंतर कोणी काही बोललं नाही. पालाशविधी मी लहानपणी एकदा बघितला आहे, पुरात वाहून गेलेल्या एका माणसाचा. पानं मोजून मोजून डोकं, हात, पाय करतात. भटजी मोजायचे आणि त्याची आई शेजारी बसून तेच आकडे पुटपुटायची. आज घरी येताना ते सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

ठरलं ते असं. दगड खुकरीचा, वर्गणी घरटी ऐच्छिक. शाळेतल्या दोन फोटोंसाठी नवी लाकडी चौकट याच पैशांतून.

११ फेब्रुवारी

जागा शाळेच्या बाजूची, पंचायतीची. अर्ज कन्नडमध्ये हवा. आमच्या शाळेतले कन्नडचे सर धारवाडकडचे, इथे अकरा वर्षं झाली. त्यांनी अर्ज लिहून दिला आणि विचारलं, "दगडावर कुठली भाषा?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. आमच्याकडे पाटीवरच्या भाषेवरून काय काय झालंय ते सगळ्यांनी बघितलंय, त्यात जात नाही. मी म्हटलं, दोन्ही. सर म्हणाले, वर कुठली आणि खाली कुठली? मी गप्प झालो.

मग त्यांनीच विचारलं, "दगडाचा आकार काय धरलाय?" मी चौकोनी ग्रॅनाइटची लादी म्हणणार होतो, इलकलहून येते तशी, मशीनने अक्षरं मारलेली. ते म्हणाले, "लादी तर बँकेत पण असते. तुमच्यात वीरगळ म्हणतात ना? तो शब्द आमचा. वीरगल्लु. कल्लु म्हणजे दगड. जोडताना त्याचा गल्लु झाला आणि तुमच्याकडे येऊन गळ." हळशीच्या वाटेवर असे दगड आम्ही लहानपणापासून बघतो, शेंदूर फासलेले. हा शब्द कन्नडातून आलाय हे मला आज, या वयात कळलं.

वीरगळ उभा असतो. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेतात, त्याच्या वर तो शंकराच्या पिंडीपुढे बसलेला, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर हे नाव राहो, म्हणून. समुद्रावरच्या लढाईचे वीरगळ मुंबईतच आहेत, बोरिवलीजवळ एकसरला. वल्ह्यांच्या नौकांची रांग कोरलेली आहे आणि वरून माणसं भाले रोखून आहेत. यादव आणि शिलाहार यांच्यातल्या लढाईशी बहुतेक अभ्यासक ते दगड जोडतात. म्हणजे जहाजाचा वीरगळ ही आपली आठशे वर्षांची रीत आहे, आमची नवी कल्पना नाही.

आणि उभ्या दगडाला दोन तोंडं असतात. सरांचा आणि माझा प्रश्न तिथेच सुटला. एका तोंडावर कन्नड, दुसऱ्यावर मराठी, मजकूर तोच. वर-खाली कोणी नाही. कन्नड तोंड शाळेकडे आणि रस्त्याकडे. मराठी तोंड पश्चिमेला, ओढ्याच्या बाजूला. आबांना तेच हवं होतं.

३ मार्च

दगड मिळाला. आमच्याकडे घराला जांभा चालतो, पण जांभ्यात अक्षर टिकत नाही. भोकाभोकांचा, पावसात झिजणारा. काळाच दगड हवा. पाथरवट मामांनी बेळगावच्या बाजूच्या खाणीवर तीन दगड दाखवले. मामा घरात वडारी बोलतात, बाजारात कन्नड, आमच्याशी मराठी. वाचता मात्र कुठलीच भाषा येत नाही.

त्यांनी प्रत्येक दगडावर मार्तूल हलकेच आपटून कान लावला. पहिला बद्द वाजला. आत चीर असणार, म्हणाले. दुसरा बरा. तिसरा घंटेसारखा खणखणला. तोच घेतला. आठ फूट उंच, अडीच फूट रुंद, नऊ इंच जाड. घनफुटांचं वजन काढलं तर सव्वा टन येतं. दोन फूट जमिनीत, सहा फूट वर.

१८ मार्च

परवा लोकसभेची आचारसंहिता लागली. पंचायतीचा ठराव आता जूनशिवाय नाही. दगड मामांच्या अंगणात आडवा पडून आहे. आबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्रेपन्न वर्षं होत आली, तीन महिन्यांचं काय."

८ मे

काल मतदान झालं. काजूचा हंगाम संपत आला, त्यामुळे लोकांच्या हातात पैसे आहेत. वर्गणी पुरेशी जमली. एका घराने पैशांऐवजी चौथऱ्यासाठी जांभ्याचे चिरे दिले. त्यांची नोंद मागच्या पानावर.

२० जून

ठराव झाला. विरोध कोणी केला नाही. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांनी एकच अट घातली, मजकूर दोन्ही भाषांत आधी दाखवा. योग्यच आहे.

७ जुलै

पाऊस असा लागलाय की जांबोटीचा रस्ता दोनदा बंद झाला. मामा येत नाहीत, छिन्नीचं काम बंद. हे दिवस मजकुराला वापरतोय. रोज संध्याकाळी आबांच्या पडवीत मी, सर आणि आबा बसतो. काल फक्त एका शब्दावर दोन तास गेले.

मी लिहिलं होतं, "खुकरी बुडाली." आबांनी वही परत माझ्याकडे सरकवली. "बुडाली म्हणजे वादळात बुडाली का? गळती लागून बुडाली? बुडवली. कुणी बुडवली तेही लिही." मला पाणबुडीचं नाव दगडावर नको वाटत होतं. शत्रूचं नाव आपल्या शाळेच्या आवारात कशाला? आबा म्हणाले, "तीही बोट होती, तिच्यावरही माणसं होती. त्यांनी त्यांचं काम केलं. नाव नाही लिहिलंस तर पन्नास वर्षांनी कुणीतरी म्हणेल, दर्यानं खाल्ली." सरांनी कन्नडचा कागद पुढे केला. त्यांनीही मुळुगितु लिहिलं होतं, म्हणजे बुडाली. ते खोडून मुळुगिसितु केलं. दोन्ही भाषांत एका अक्षराइतकाच फरक पडला आणि दोन्हीकडे अर्थ उलटा झाला. बुडणं जहाजाचं, बुडवणं दुसऱ्याचं.

दुसरा शब्द युद्धनौका. आबांना फ्रिगेट हवं होतं, कारण तेच तिचं खरं नाव. पण गावातल्या बाईला फ्रिगेट म्हणजे काय ते कसं कळणार? युद्धनौका म्हटलं तर मोठ्या तोफांचं प्रचंड जहाज डोळ्यांपुढे येतं, आणि खुकरी तशी नव्हती. लहान, सडसडीत, पाणबुडी शोधण्यासाठीच बांधलेली. शेवटी "पाणबुडीविरोधी युद्धनौका" ठरलं. कन्नडमध्येही युद्धनौके असाच शब्द आहे, त्यामुळे सर लगेच हो म्हणाले.

१४ जुलै

नावं घालायची का? १९४ नावं सहा फुटांच्या दगडावर बसत नाहीत. बसवली तरी अक्षर इतकं बारीक होईल की चार पावसाळ्यांत शेवाळ भरेल. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यागचक्राच्या भिंतींवर एकेका शहीदाचं नाव एकेका ग्रॅनाइटच्या विटेवर कोरलेलं आहे. ते काम तिथे झालंय. इथे आकडा.

मग फक्त कॅप्टन मुल्लांचं नाव वेगळ्या ओळीत, मोठ्या अक्षरात? मंडळातल्या पोरांना तसं हवं होतं. आबा म्हणाले, "त्यांनी जहाज सोडलं न्हाई, ते आपल्या माणसांत ऱ्हायले. दगडावर तू त्यांना बाजूला का काढतोस?" म्हणून त्यांचं नाव त्याच वाक्यात, त्याच मापाच्या अक्षरात.

मराठी तोंडाचा पक्का मजकूर:

भारतीय नौदलाची पाणबुडीविरोधी युद्धनौका खुकरी ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. त्या १९४ जणांसाठी हा दगड.

वीर, अमर, बलिदान हे शब्द मी पहिल्या खर्ड्यात घातले होते. आबांनी एकेक काढायला लावले. मला आधी वाईट वाटलं, कारण मी ते मनापासून लिहिले होते. पण मोठ्याने वाचल्यावर कळलं, आकडा आला की पुढे बोलवतच नाही.

४ ऑगस्ट

चित्र. वर चंद्र-सूर्य, खाली खुकरी बाजूने दिसणारी. अप्सरा आणि पिंडी नाही. जहाजावर सगळ्या धर्मांची माणसं होती. जहाज बुडताना दाखवायचं का, यावर सरांनी विचारलं. मी आबांकडे बघितलं. ते म्हणाले, "चालती दाखव." त्यांनी स्वतः पेन्सिलने धुराडं आणि मास्ट कुठे येतं ते काढून दिलं. दीवच्या टेकडीवरच्या स्मारकात खुकरीची प्रतिकृती काचेत ठेवलेली आहे, समुद्राकडे तोंड करून. तिच्या फोटोवरून बाकीच्या रेषा पक्क्या केल्या. दीवला आता दुसरी खुकरीही आहे. पहिलीचं नाव घेतलेली, माझगाव डॉकमध्ये बांधलेली, बत्तीस वर्षं नौदलात राहून २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झालेली. ती तिथे संग्रहालय होऊन उभी आहे. आबांना तिथे एकदा न्यायचं आहे. बसून झेपेल का, बघू.

१९ सप्टेंबर

गणपती गेले, ऊन पडलं, मामांनी दगडाला टाकी लावली. मी दुकानात पूर्ण मापाचे कागद छापून देतो. ते दगडावर चिकटवायचे आणि मामा अक्षराच्या कडेने खूण करत जातात. दीड इंची अक्षर, आतून व्ही आकाराची खाच. अशी खाच केली की पाणी थांबत नाही आणि तिरक्या उन्हात अक्षर उठून दिसतं.

मला वाटलं होतं कन्नड अक्षरं गोल म्हणून कठीण जातील. उलट झालं. गोलावर मामांचा हात सहज फिरतो, वेळ लागतो इतकंच. त्रास दिला देवनागरीच्या शिरोरेषेने. लांब सरळ रेघ काढताना काळ्या दगडाची वरची ढलपी एकदम उडते. दोन ठिकाणी उडाली. तिसऱ्या ओळीपासून मामांनी रेघ सलग न मारता प्रत्येक अक्षरापाशी थोडी थोडी खोल करत नेली. तासाला चार-पाच अक्षरं होतात. मामांच्या टाक्यांना रोज संध्याकाळी भट्टीत धार लावावी लागते.

१० ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

मराठी तोंड परवा पूर्ण झालं. आज कन्नड तोंडही संपत आलं म्हणून सर बघायला आले. ते एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर, परत पहिल्यावर असं तीनदा फिरले. मग मला हाक मारली. कन्नडमध्ये १७६. मराठीत १६७.

चूक मामांची नाही. त्यांनी कागदावर होतं तेच कोरलं. कागद माझा. टाइप मी केलं, छापलं मी, चिकटवलं मी. वाचूनही बघितलं होतं, आणि प्रत्येक वेळी मला जे असायला हवं तेच दिसलं. मी दगडासमोर बसून बेरीज केली. १८ आणि १६७, १८५. खाली १९४ कोरलेलं. नऊ माणसं मी गाळली.

मंडळातल्या एकाने सुचवलं, रसायन आणि दगडाची पूड भरून सहा-सात परत कोरू, कोणाला कळणार नाही. मामांनी नकार दिला. "भरलेला आकडा दोन पावसाळ्यांत निघतो. मग तिथं भोक ऱ्हातंय." एकच उपाय. अख्खं मराठी तोंड बोटभर खाली तासायचं, चित्रासकट, आणि पुन्हा पहिल्यापासून कोरायचं. नऊ इंचांतले पाऊण इंच जातील, ताकदीला काही होत नाही.

संध्याकाळी आबांना सांगायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "नेव्हीत एकजण वाचतो नि दुसरा परत म्हणून दाखवतो. तू एकटा वाचत होतास." रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

वाढीव मजुरी मी देतोय. ती वर्गणीत धरलेली नाही.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. मामांच्या हत्यारांची पूजा त्यांच्या अंगणात झाली, टाक्या, मार्तूल, गुण्या, सुतळी, आणि शेजारी आमचा दगड. आज तासायला सुरुवात. मी दिवसभर तिथे होतो. पंधरा दिवसांचं काम भुकटी होऊन खाली पडत होतं.

नवा नियम. प्रत्येक कागद चिकटवण्याआधी सर मराठी मोठ्याने वाचणार आणि मी कन्नड. मला कन्नड वाचायला वेळ लागतो, अडखळतो. तेच बरं आहे, अडखळणारा माणूस अक्षर गाळत नाही.

११ नोव्हेंबर

मराठी तोंड दुसऱ्यांदा पूर्ण. दिवाळीचे चार दिवस सोडले तर मामांनी खाडा केला नाही. आकडे तिघांनी वेगवेगळे वाचले. खरं सांगायचं तर हे तोंड पहिल्यापेक्षा चांगलं झालंय. शिरोरेषा कुठेच उडालेली नाही. चंद्राची कोरही आता बारीक आली.

२४ नोव्हेंबर

दगड उभा राहिला. खड्डा अडीच फूट, खाली खडी, त्यावर काँक्रीट. जेसीबीने आवारापर्यंत आणला. उभा करताना मात्र मामांनी जेसीबी नको म्हटलं, कड फुटते. तीन लाकडी वाशांची तिवई, चेनपुली आणि गोणपाटात गुंडाळलेला दगड. पाऊण तास लागला. ओळंबा धरला तर मराठी तोंड एक दोरा पुढे झुकलेलं. पुन्हा सैल करून पाचर मारली.

शाळेची पोरं कुंपणापाशी उभी होती. एकाने विचारलं, "जहाज इतकं लहान होतं काय?" आबांनी त्याला जवळ बोलावलं आणि शाळेच्या फाटकापासून मारुतीच्या पारापर्यंत चालत जायला लावलं. तो गेला, आणि त्याच्या मागे सगळी पोरं.

९ डिसेंबर

बेळगावात आजपासून कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, शहरात बंदोबस्त. तिथून यायचे तिघे माजी नौसैनिक नाकाबंदीत अडकले, चारला यायचे ते पाचला पोचले. तोवर ऊन कलत आलं होतं, आणि ते बरंच झालं. तिरक्या उन्हात मराठी तोंडावरचं प्रत्येक अक्षर काळ्यावर काळं असूनही स्वच्छ वाचता येत होतं.

भाषण ठेवलं नव्हतं. सरांनी कन्नड मजकूर वाचला, मी मराठी. शाळेत फोटो असलेल्या दोन जवानांच्या घरच्यांनी पहिली फुलं वाहिली, हे त्यांनी स्वतःहून केलं. फेब्रुवारीत बोललेल्या आजी येऊ शकल्या नाहीत, त्या गणपतीनंतर गेल्या. त्यांच्या सुनेने पळसाची तीन पानं आणून चौथऱ्यावर ठेवली.

बेळगावहून आलेल्या तिघांपैकी एकाने आबांना सॅल्यूट केला. आबा खुर्चीतून उठले, आधाराला कोणालाही हात लावू दिला नाही, आणि दगडाकडे तोंड करून उभे राहिले. रात्री नऊपर्यंत ते तिथेच होते. आम्ही घोंगडी आणून दिली. नऊला त्यांनी पणती लावली आणि ती कोरलेल्या जहाजाखाली, ओळीच्या वरच्या कडेवर टेकवली.

परत येताना मला म्हणाले, "तो दुसरा, माझ्या बॅचचा, त्याला पोहता येत नव्हतं. ट्रेनिंगमध्ये मीच त्याला शिकवत होतो." इतकी वर्षं त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं.

१० डिसेंबर

सकाळी जाऊन बघितलं. पणतीचं तेल ओघळून "खुकरी" वर आलंय. काळ्या दगडावर तेल मुरलं की अक्षर दिसेनासं होतं. चुन्याची कोरडी पूड दाबून ठेवली आहे, दोन दिवसांनी झाडायची. पणतीसाठी चौथऱ्यात मामा एक कोनाडा काढून देतील, पश्चिम बाजूला.

बाकी काम: चौथऱ्याभोवती पाण्याचा चर, पावसाळ्याआधी. लाकडी चौकटींचं बिल. वर्गणीचा हिशोब देवळात लावणे. दीवच्या गाडीची चौकशी, फेब्रुवारीसाठी, खालची सीट.